झाकलेला पिंजरा आणि घाटंजी रोडचा सिंह

इंदूबाई भोयर यांचं नाव आधी लिहितो. पुढचं वाचून तुम्ही हसाल, पान उलटाल, विसरून जाल. नाव तेवढं राहू द्या. घाटंजीच्या अलीकडे एका गावात नाल्याकाठी त्यांचं कापसाचं वावर आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या दिवशी त्या बोलल्या नसत्या तर मी आज गाडी चालवत नसतो, आणि हे लिहायला हात धड राहिले असते की नाही याचीही खात्री देत नाही. दुसरं नाव आमच्या वनपाल गावंडे साहेबांचं. दिवाळी अंकाला आपल्या कामाबद्दल काहीतरी लिहून पाठव, असं त्यांनीच सांगितलं. मी म्हणालो, साहेब, मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. ते म्हणाले, तू बोलतोस तसं लिही, ऱ्हस्वदीर्घ मी बघतो.

माझं गाव देवगडच्या बाजूला. आंब्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून घरातून निघालो, मग स्टिअरिंग हातात आलं आणि रस्ता नेईल तिकडे जात जात यवतमाळला लागलो. इथे समुद्र नाही, सुकी मासळी मिळते तीही कुठली कोण जाणे, आणि माझं बोलणं ऐकून दुकानदार अजून विचारतात, "भाऊ, तुमी बाहेरचे काय?" वनखात्याच्या बचाव पथकाची पिकअप गाडी मी चालवतो. कंत्राटी. कंत्राट पुढच्या वर्षी राहील का, हा किडा बारा महिने डोक्यात असतो. घरी आई आणि बायको समजतात की मी सरकारी माणूस आहे. मीही ते समजू देतो.

लोकांना वाटतं आम्ही रोज वाघ पकडतो. खरं तर रोज साप, विहिरीत पडलेली रोही म्हणजे नीलगाय, तारेत अडकलेलं माकड, असंच असतं. आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो नसलेलं जनावर शोधण्यात. फोन येतो, आम्ही निघतो, जनावर नसतं. आता ते नाही हे सिद्ध कसं करणार? असलेलं जनावर दाखवता येतं. नसलेलं दाखवता येत नाही, आणि लोकांच्या नजरेत आम्ही ते लपवलेलं असतं.

यवतमाळच्या एका वसाहतीत निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांचा फोन आला, समोरच्या घराच्या स्लॅबवर चित्ता बसलाय. आमच्याकडे बिबट्याला सर्रास चित्ताच म्हणतात, त्यामुळे आम्ही बिबट्याच्या तयारीने गेलो. गल्लीची दोन्ही टोकं दोरीने बंद केली. साहेब दुर्बिणीतून बघत राहिले आणि मग दुर्बीण मुकाट्याने माझ्या हातात दिली. कठड्यावर वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट वाळत घातलं होतं. वाऱ्याने हलायचं, तेव्हा वाघ मान वळवतोय असंच वाटायचं. त्या गृहस्थांनी आम्हाला घरात नेऊन चहा पाजला, शेजाऱ्यांना सांगू नका म्हणाले, आणि निरोप देताना हळूच विचारलं, "पण ब्लँकेटच होतं ना? नक्की?"

हे "नक्की?" आमच्या धंद्यात पगारासारखं दर महिन्याला मिळतं.

पिंजऱ्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाडीच्या मागच्या हौद्यात आमचा लोखंडी पिंजरा असतो. आत जनावर असलं की तो ताडपत्रीने चारी बाजूंनी झाकायचा. अंधार झाला की जनावर शांत राहतं, धडका मारून तोंड फोडून घेत नाही, आणि रस्त्यावर बघ्यांची गर्दीही होत नाही. रिकामा पिंजरा उघडाच न्यायचा. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पाहून पाहून कळतं. आम्हाला वाटत होतं हे आमचं आम्हालाच माहीत. पण रस्त्याकडेच्या गावांनी वर्षानुवर्षं आमच्या गाड्या पाहिल्यात. झाकलेला पिंजरा म्हणजे आत काहीतरी आहे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

हे घडलं त्या साली पिंजऱ्याच्या दाराची कडी सुटली होती. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका वेल्डरकडून ती जोडून घेतली. वेल्डर हौशी. त्याने सगळ्या पिंजऱ्याला हिरवा रंगही मारून दिला. रंग ओला, रस्ता धुळीचा, म्हणून गाडी निघताना त्याने त्याच्याकडची एक फाटकी ताडपत्री पिंजऱ्यावर टाकून दोरीने बांधली. मी तसाच घाटंजीकडे निघालो, कारण साहेब तिकडच्या कामावर होते. ऊन चढलं, ताडपत्रीच्या आत रंग चिकटून सोलला जाईल अशी भीती वाटली, म्हणून एका नाल्याजवळ गाडी थांबवली, ताडपत्री काढली आणि वारा लागावा म्हणून पिंजऱ्याचं दार सताड उघडं ठेवलं. मी हापशावर पाणी प्यायला, तोंड धुवायला गेलो. बायकोशी फोनवर बोललो. परत आलो, दार लावलं आणि पुढे गेलो. येताना त्याच रस्त्याने उघडा, रिकामा पिंजरा घेऊन आलो. एवढंच. मनात काही राहिलंही नव्हतं.

मग काही दिवसांनी सिंह आला.

आधी तो मोबाईलवर आला. ओल्या डांबरी रस्त्यावरून आयाळवाला सिंह रमतगमत चाललाय, दुकानांची शटरं बंद, आणि खाली लिहिलेलं, "घाटंजी रोड, सावधान." दुकानाच्या पाट्यांवरची अक्षरं गुजराती होती. साहेबांनी ती बोट ठेवून दाखवली. लोक म्हणाले, पाट्या काय, बदलता येतात. मग वावरात राखणीची जागल करणाऱ्या एका माणसाने खरंच नाल्यात मानेवर केस असलेलं जनावर पाहिलं. मग एक बकरी गेली. वेचणीच्या ऐन दिवसांत बायांनी वावरात जाणं बंद केलं. पऱ्हाटीवर कापूस फुटून लोंबत होता आणि माणूस दिसत नव्हतं.

इथल्या लोकांना वाघ नवा नाही. वाघाच्या वाटेवरच त्यांची वावरं आहेत. भीती आहे, राग आहे, पण ओळखही आहे. सिंहाची गोष्ट वेगळी. पंचायतीजवळ एक म्हातारा साहेबांना म्हणाला ते माझ्या अजून कानात आहे. "वाघ आपला हाये, सायेब. तो कोठून आला हे पुसा लागत नाही. सिंह आपला नाही. मंग त्याले कोणंतरी आणलाच असन ना."

हे ऐकलं आणि मी दोन पावलं मागे सरकलो. का ते तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. जो इथला नाही त्याला कुणीतरी आणलेलं असतं, आणि आणणाराही इथला नसतो, असा तो सरळ हिशेब होता. गावात त्या वेळी इथला नसलेला मी एकटाच फिरत होतो.

आम्ही आमचं काम करत होतो. मांजराच्या जातीचं जनावर चालताना नखं आत ओढतं, ठशात नख दिसत नाही. नाल्याच्या ओल्या काळ्या मातीत जे ठसे होते त्यांना नखं होती. साहेब म्हणाले, तरस आहे. तरसाच्या मानेवर केस असतात, चिडलं की ते उभे राहतात, आणि तिन्हीसांजेला पाठीमागून बघितलं तर भल्याभल्यांची फसगत होते. झाडांना कॅमेरे बांधले. त्यात तरस आलंही, चांगलं तोंड वळवून. साहेबांनी तो फोटो गावात दाखवला. गजूभाऊ नावाचा तरणाबांड कास्तकार पुढे होता. त्याला पंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं, आणि सिंहाच्या बाबतीत गावाच्या वतीने तोच बोलायचा. त्याने फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि म्हणाला, "हा फोटो इथचाच हाये, कशावरून?"

गुजराती पाट्यांचा व्हिडिओ घाटंजीचा, आणि त्यांच्याच नाल्यातला फोटो बाहेरचा. मला हसू आलं, ते मी दाबलं. तेही कुणीतरी पाहिलं असणार.

त्यानंतर गावाची नजर बदलली. चहाच्या टपरीवर मी गेलो की बोलणं थांबायचं. कुणीतरी गाडीच्या नंबराचा फोटो काढला. एकाने सहज विचारल्यासारखं विचारलं, लोहाऱ्याहून इकडे येताना तुम्ही कुठे कुठे थांबता? मीही संशयी होत चाललो. कोण कुणाला फोन करतोय, कोण मागे वळून बघतोय, हेच बघायचो. रात्री बायकोने विचारलं, आवाज असा का? मी म्हणालो, थंडी आहे.

आणि एका सकाळी साहेब कॅमेऱ्यांची कार्डं बदलायला नाल्याकडे चालत गेले असताना पंचायतीसमोर माझ्या गाडीला लोकांनी गराडा घातला. नाल्यात फोन लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. गजूभाऊने खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली. ओढाताण नाही, शिवी नाही. त्यानेच मी जास्त घाबरलो.

"उतर भाऊ. चार गोष्टी पुसाच्या हायेत."

उतरलो.

"कोठचा तू?"

"देवगडचा."

"थे कुठं आलं?"

"समुद्राकडे. कोकणात."

"मंग इतक्या दूर कायले आला? तिकडं गाड्या नाहीत काय?"

लोक हसले. मग त्याने एकेक करून सगळं मांडलं. अमक्या दिवशी तुझी गाडी पिंजरा झाकून आली. नाल्यापाशी थांबली. दोन माणसांनी वरच्या वावरातून पाहिलं, पिंजऱ्याचं दार उघडं होतं. येताना पिंजरा रिकामा होता. त्यानंतर सिंह दिसला. आता तूच सांग.

सांगायला काय होतं? एकही गोष्ट खोटी नव्हती. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. मी रंगाचं सांगितलं. कुणीतरी पिंजऱ्याच्या गजावर अंगठा घासून दाखवला, रंग खडखडीत वाळला होता. वेल्डरचं नाव सांगितलं. तुमचाच माणूस असन, म्हणाले. माझी जीभ अडखळायला लागली, आणि अडखळला म्हणजे खोटा, असं पुढच्या रांगेतल्या तोंडांवर दिसायला लागलं. मागून आवाज आला, गाडी पेटवा म्हंजे सायेब लोक खरं बोलतीन. एक जण पेट्रोलची बाटली आणायला खरंच वळला. गाडी जळाली असती तर कंत्राटी चालकाला कुणी ठेवलं असतं? आणि गाडीवर थांबलं असतं, असंही मला त्यांच्याकडे बघून वाटत नव्हतं.

तेव्हा बायांच्या बाजूने इंदूबाई पुढे आल्या. मी त्यांना तोंडओळखीने ओळखत होतो, नाल्याकाठच्या वावराच्या मालकीण म्हणून. गजूभाऊच्या त्या सख्ख्या काकू. डोक्यावरचा पदर नीट करून त्या म्हणाल्या, "पिंजरा रिकामाच होता. मले माहीत हाये."

गजूभाऊ म्हणाला, "तुले काय माहीत काकू? तू घरी जाय."

"मी आत जाऊन बसली होती."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मीही. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

"पिंजऱ्यात?"

"हो बापा, पिंजऱ्यात. हा पोट्टा हापशावर गेलता. मी वावरातून पाहून राह्यली होती. दार उघडं दिसलं. म्हटलं पाहाव, वाघ आत बसते त कसा बसते, त्याले कसं वाटते. चढली, बसली. हा फोनवर बोलूनच राह्यलता. मी उतरून आपल्या कामाले लागली."

मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, सिंहासंग बसली होती का?"

"सिंह असता त तुह्या काकाले आधी बसवलं असतं."

हसणं असं उसळलं की पेट्रोलला निघालेला माणूसही थांबून हसायला लागला. त्यांचे यजमान श्रीरामकाका गर्दीतच होते. ते हसले नाहीत, खाली बघत राहिले. गजूभाऊ म्हणाला, तू खोटं बोलून राह्यली, या परक्यासाठी. इंदूबाई घरी गेल्या आणि त्या दिवशी नेसलेलं लुगडं घेऊन आल्या. मागच्या बाजूला गजांच्या रेघा उमटलेल्या, हिरव्या, सरळ, एकाखाली एक. रॉकेल लावून घासलेल्या, तरी राहिलेल्या. बायामाणसाने चार लोकांत आपलं नेसूचं लुगडं असं उलगडून धरणं ही काय गोष्ट आहे, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. म्हातारे तोंड फिरवून उभे राहिले. कुणीतरी ते लुगडं पिंजऱ्याला लावून पाहिलं. रेघा गजांवर बसल्या.

"घरी इचारलं त म्या सांगतलं, बैलगाडीचा रंग लागला म्हणून," त्या श्रीरामकाकांकडे न बघता म्हणाल्या. "आता कळलं सगळ्याईले. द्या त्याची किल्ली."

किल्ली गजूभाऊने माझ्या हातात दिली नाही, बॉनेटवर ठेवली. लोक पांगले. साहेब नाल्यातून आले तेव्हा मी किल्ली मुठीत धरून स्टिअरिंगमागे बसलो होतो.

सिंहाचं बोलणं हळूहळू विरलं. सिंह नाही असं कुणाला पटलं म्हणून नव्हे, कापूस घरात आणायचाच होता म्हणून. बाया घोळक्याने जायला लागल्या. इंदूबाईंच्या वावरात मात्र वेचायला बाया जाईनात. त्यांना गावातली पोरं पिंजरेवाली म्हणायला लागली. गजूभाऊच्या नव्या घराच्या जेवणाचं आवतन साऱ्या गावाला गेलं, सख्ख्या काकूच्या दारावरून पुढे गेलं. श्रीरामकाका बरेच दिवस इंदूबाईंशी धड बोलत नव्हते, असं टपरीवाल्याने सांगितलं. हे सगळं माझ्यामुळे. मी एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांच्या वावरात वेचायला गेलो. कापसाबरोबर माझ्या हातात वाळक्या पानांचा चुराच जास्त आला. त्यांनी माझी कमरेला बांधलेली ओटी उपसून पाहिली आणि म्हणाल्या, "तू गाडीच चालवत जाय, बापा."

एवढं होऊनही मी मनात एक समाधान बाळगून होतो. वाटायचं, एवढ्या गावात एका माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला. परमुलखात याहून मोठं काय असतं?

मागच्या वर्षी घाटंजीच्या आठवडी बाजारात त्या भेटल्या. हातात जड पिशवी होती. त्यांच्या भावकीतल्या दोन बाया समोरून आल्या आणि वांग्यांच्या ढिगाकडे बघत निघून गेल्या. मी पिशवी घेतली आणि एसटी स्टँडपर्यंत सोबत चाललो. घरची विचारपूस झाली. बस लागायला वेळ होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आता त सांग. मी कोणाले सांगत नाही. कोठून आणला होता रे तुह्या सायेबानं तो सिंह?"

मी पिशवी खाली ठेवली. म्हणालो, "बाई, तुम्हीच तर सांगितलंत पिंजरा रिकामा होता."

"रिकामाच होता. मी आत बसली होती, मले माहीत हाये. सिंह नव्हता असं म्या कवा म्हटलं? दुसऱ्या गाडीनं आणला असन. माहा तुमच्या लोकाईवर काडीचा भरोसा नाही."

"मग माझ्या बाजूने का बोललात?"

"तुह्या बाजूनं कोण बोललं? पिंजऱ्याचं खोटं सांगून राह्यले होते, म्हणून बोलली."

बस आली. त्या चढल्या, मी खिडकीतून पिशवी दिली. त्यांनी हात केला नाही, पिशवीतलं सगळं आहे ना ते बघत होत्या.

तेव्हा आधी वाईट वाटलं. मी ज्याला विश्वास समजून जपत होतो तो नव्हताच. पण लोहाऱ्याच्या वाटेवर गाडी चालवताना विचार करत गेलो. आपल्यावर विश्वास असलेला माणूस आपल्यासाठी उभा राहतो, त्यात नवल नाही. ही बाई माझ्यावर संशय धरून उभी राहिली. पुतण्या गेला, आवतन गेलं, नाव पडलं, आणि तेही अशा माणसासाठी ज्याने सिंह सोडला असेल असं तिला आजही वाटतं. मला असं जमलं नसतं. मला कुणाचा संशय आला की मी गाडीची काच वर करतो.

इंदूबाई, तुम्ही हे वाचणार नाही, कुणी वाचून दाखवलं तर सिंहाचं मी इथेही लपवलं असंच म्हणाल. म्हणा. तो संशय मला काढता येत नाही. पण कधी तुमच्याभोवती माणसं अशी गोळा झाली, आणि तुमच्याबद्दलची एक जरी गोष्ट मला माझ्या डोळ्यांनी ठाऊक असली, तर मी गाडीतून उतरेन. घाबरत उतरेन, जीभ अडखळेल, कंत्राट जाईल की काय ते मनात येईल. तरी मला जेवढं माहीत आहे तेवढं उभं राहून सांगेन. हे तुमचं देणं आहे, आणि ते मी फेडणार आहे.